धातूंच्या असेंद्रिय संयुगांचा द्रवणांक: प्रयोगशाळेतील चाचणी आणि तिचा अर्थ

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात द्रवणांक काढण्याचा सराव तुम्हाला असतोच. बेंझॉइक आम्ल १२२ अंश सेल्सिअसला वितळते, ॲसिटानिलाइड ११४ ला, हे आकडे पाठही झालेले असतात. असेंद्रिय प्रात्यक्षिकात मात्र एखादे धातूचे संयुग तयार केले की आपण त्याचे वजन करतो, उतारा काढतो, रंग लिहितो आणि बाटली जमा करतो. ते संयुग खरोखर तेच आहे का, आणि असले तर किती शुद्ध आहे, हा प्रश्न तसाच राहतो. काही संयुगांच्या बाबतीत या प्रश्नाचे पहिले उत्तर एका केशनलिकेत आणि अर्ध्या तासात मिळू शकते. ती संयुगे कोणती, चाचणी कशी करायची आणि आलेला आकडा कसा वाचायचा, हे या पाठात पाहू.

कोणत्या संयुगांना ही चाचणी लागू पडते?

मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. मॅग्नेशिअम ऑक्साइडला २८०० अंशांच्याही वर जावे लागते. तोपर्यंत आपल्या केशनलिकेची काच केव्हाच मऊ होऊन वाकलेली असेल. आयनिक स्फटिकात प्रत्येक धन आयन सभोवतालच्या ऋण आयनांनी चहूबाजूंनी धरून ठेवलेला असतो. ही पकड सैल करायला फार ऊर्जा लागते. म्हणून ‘असेंद्रिय संयुगांचे द्रवणांक प्रयोगशाळेत काढता येत नाहीत’ असा समज रूढ झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

धातूचा अणू जेव्हा रेणूच्या पोटात दडलेला असतो आणि बाहेरच्या बाजूला सेंद्रिय गट किंवा हॅलोजन असतात, तेव्हा शेजारच्या दोन रेणूंमध्ये केवळ व्हॅन डर वाल्स आकर्षण उरते. अशी संयुगे सेंद्रिय पदार्थांसारखीच वितळतात. टिन टेट्राआयोडाइडचे नारिंगी स्फटिक १४४ अंशांच्या आसपास वितळतात. फेरोसीन १७३ च्या सुमारास वितळते. टायटॅनिअम टेट्राक्लोराइड तर नेहमीच्या तापमानाला द्रवच असते. सिल्व्हर नायट्रेटसारखे काही साधे क्षारही २१२ अंशांना वितळून आपल्या आवाक्यात येतात.

पदवी पातळीवर शिकण्यासाठी सर्वात सोयीचे कुटुंब म्हणजे धातूंची ॲसिटिलॲसिटोनेट संयुगे. ॲसिटिलॲसिटोनचा रेणू एक प्रोटॉन सोडून देतो आणि आपल्या दोन ऑक्सिजन अणूंनी धातूला चिमट्यात पकडतो. त्रिसंयुजी धातूभोवती असे तीन चिमटे बसले की विद्युतभार शून्य होतो आणि बाहेरून दिसतात ते फक्त मिथिल गट. पाण्यात न विरघळणारे, टोल्युइनमध्ये सहज विरघळणारे असे हे धातूचे संयुग वागणुकीने जवळजवळ सेंद्रिय असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कोम्ब याने बेरिलिअमच्या अशाच संयुगाची बाष्पघनता मोजली आणि बेरिलिअम द्विसंयुजी आहे की त्रिसंयुजी, या जुन्या वादात द्विसंयुजी बाजूला भक्कम पुरावा दिला. धातूचे संयुग न मोडता वाफ होते, हीच गोष्ट तिथे उपयोगी पडली.

या कुटुंबातील तीन आकडे लक्षात ठेवा. आयर्न ॲसिटिलॲसिटोनेट, लालभडक, साधारण १८० ते १८२ अंश. ॲल्युमिनिअमचे, पांढरे, १९० ते १९३. क्रोमिअमचे, गर्द जांभळट लाल, जुन्या पुस्तकांत २१६, काही रसायनविक्रेत्यांच्या यादीत २१० पासून पुढे. धातू बदलला तरी आकडे फार दूर जात नाहीत, कारण तिन्ही रेणूंचा बाह्य चेहरा जवळपास एकच आहे. फरक पडतो तो आकारातल्या थोड्या बदलाने आणि स्फटिकातल्या मांडणीने.

आधी एक इशारा

कोणतेही अनोळखी धातुसंयुग ‘बघू या वितळते का’ म्हणून तापवू नका. सेंद्रिय लिगँड आणि पर्क्लोरेट आयन एकाच स्फटिकात असलेली जटिल संयुगे कोरडी असताना तापवल्यावर किंवा नुसती घासल्यावरही स्फोट होऊ शकतो. इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना खेटून बसलेले असतात, मग ठिणगीची गरज राहत नाही. काही मिलिग्रॅमचा स्फोट काचेचे तुकडे डोळ्यात घालायला पुरेसा आहे. अझाइड आणि फल्मिनेट यांच्याबाबत हेच. अमोनिअम डायक्रोमेट वितळत नाही, सुमारे १८० अंशांच्या पुढे ते स्वतःच पेटल्यासारखे अपघटित होते आणि हिरवी राख उधळते. मर्क्युरिक क्लोराइड २७७ अंशांना व्यवस्थित वितळते, पण त्याची वाफ विषारी आहे. बेरिलिअमचे नाव वर इतिहासापुरते आले, ते संयुग हाताळायचे नाही. संयुगाचा ऋण आयन कोणता आणि वाफ कोणती, हे कळल्याशिवाय बर्नर पेटवू नये. चाचणी करताना डोळ्यांवर चष्मा असावा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

नमुना तयार करणे

समजा तुम्ही क्रोमिअम ॲसिटिलॲसिटोनेट तयार केले आहे. जलयुक्त क्रोमिक क्लोराइड पाण्यात विरघळवून त्यात युरिया आणि ॲसिटिलॲसिटोन घालतात आणि मिश्रण जलऊष्मकावर तापवत ठेवतात. युरियाचे जलअपघटन होऊन अमोनिया हळूहळू सुटतो, आम्लता कमी होते आणि गर्द स्फटिक खाली बसतात. हे काम धूम्रकक्षात करा, कारण ॲसिटिलॲसिटोन ज्वलनशील आहे आणि त्याची वाफही चांगली नाही. गाळून, धुऊन मिळालेला पदार्थ दिसायला सुंदर असतो, पण त्यात पाणी, उरलेला युरिया आणि थोडे क्रोमिअम हायड्रॉक्साइड असण्याची शक्यता असते.

वाळवणे ही पायरी बहुतेकांना कंटाळवाणी वाटते आणि तिथेच घोळ होतो. कोकणात, केरळात किंवा कोलकात्यात पावसाळ्यात गाळणकागदावर उघडा ठेवलेला पदार्थ रात्रभरात वाळत नाही. तो डेसिकेटरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वजन करा, पुन्हा काही तासांनी करा. दोन वजने जुळली की वाळला म्हणा. ओल्या नमुन्याचा द्रवणांक हा त्या संयुगाचा द्रवणांक नसतो.

वाळलेला पदार्थ घड्याळकाचेवर बारीक चिरडा. केशनलिकेचे एक टोक ज्योतीच्या कडेला धरून, फिरवत फिरवत बंद करा. टोकाला काचेचा जाड थेंब झाला तर ती नलिका टाकून द्या, कारण जाड काचेतून उष्णता उशिरा पोहोचते. उघडे टोक पुडीत खुपसा, मग नलिका एका लांब काचनळीतून टेबलावर सोडा. चार-पाच वेळा असे केले की पूड घट्ट बसते. स्तंभाची उंची २ ते ३ मिलिमीटर पुरे. जास्त भरली तर तळ वितळून वरचा भाग तसाच राहतो आणि वितळण्याचा पल्ला उगाच रुंद दिसतो.

ॲसिटिलॲसिटोनेटच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही संयुगे वितळण्याआधीच संप्लवन पावू लागतात. नलिकेच्या वरच्या थंड भागात रंगीत वलय जमते आणि खालचा स्तंभ लहान होत जातो. अशा वेळी नलिका भरून झाल्यावर वरचे टोकही बंद करावे आणि ती नलिका शक्य तितकी ऊष्मकाच्या आत बुडवावी.

तापवणे आणि पाहणे

अनेक महाविद्यालयांत अजून थीले नलिका आणि द्रव पॅराफिन वापरतात. पॅराफिन २०० अंशांच्या पुढे धुरावते आणि पेट घेण्याची भीती असते. म्हणून लोह आणि ॲल्युमिनिअमची संयुगे त्यात तपासता येतात, क्रोमिअमचे नाही. त्यासाठी सिलिकॉन तेल किंवा धातूच्या ठोकळ्याचे विद्युत उपकरण हवे. तेलात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, गरम तेलात तो फुटतो आणि तेल उडते. जुनी पुस्तके संहत सल्फ्युरिक आम्लाचा ऊष्मक सुचवतात. तो सल्ला आज पाळू नये.

पहिली नलिका वेगाने तापवून अंदाज घ्या. मग ऊष्मक २० अंश तरी खाली येऊ द्या, नवी नलिका लावा आणि शेवटच्या टप्प्यात मिनिटाला १ ते २ अंश एवढाच वेग ठेवा. एकदा वितळून गोठलेली नलिका पुन्हा वापरू नका, त्यात थोडे अपघटन झालेले असू शकते किंवा स्फटिकाचे दुसरे रूप आलेले असू शकते. घाईने तापवले की ठोकळ्याचे तापमान पुढे धावते, नमुना मागे राहतो आणि आकडा चढा येतो.

आता पाहायचे काय? पांढऱ्या ॲल्युमिनिअम संयुगात हे सोपे आहे, पूड पारदर्शक होते. क्रोमिअमचा वितळलेला थेंबही इतका गर्द असतो की पारदर्शकता दिसतच नाही. तिथे आकाराकडे लक्ष द्या. आधी स्तंभ काचेपासून सुटून थोडा आकसतो. याला वितळणे म्हणायचे नाही. मग काचेला लागून पहिला ओला ठिपका चमकतो, ती सुरुवात. स्तंभ कोसळून वरचा पृष्ठभाग गोलसर वक्र झाला, तो शेवट. मागे दिवा ठेवला आणि भिंग वापरले तर दोन्ही क्षण पकडता येतात. नोंद नेहमी दोन आकड्यांची करायची, सुरुवात आणि शेवट.

काही संयुगे वितळता वितळता मोडतात. कोबाल्ट ॲसिटिलॲसिटोनेट हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हिरवे स्फटिक काळपट होत जातात, बुडबुडे येतात आणि पुस्तकागणिक आकडा वेगळा सापडतो. यात पुस्तकांची चूक शोधण्यात अर्थ नाही. अपघटन ही अभिक्रिया आहे आणि अभिक्रियेला वेळ लागतो. सावकाश तापवले तर ती कमी तापमानालाच पुरेशी पुढे गेलेली असते, जलद तापवले तर उशिरा दिसते. अशा संयुगासाठी तापवण्याचा वेग लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नाही, आणि आकड्यापुढे ‘अपघटनासह’ हा शब्द हवाच.

तापमापी काय सांगतो, काय सांगत नाही

पुस्तकात २१६ आहे आणि तुमच्या नलिकेत २१० ला संयुग वितळले. बहुतेक जर्नलांत यापुढे दोनपैकी एक गोष्ट घडते: ‘संयुग अशुद्ध आहे’ असा निष्कर्ष निघतो, किंवा २१० चे २१५ होतात. दोन्ही करण्याआधी तापमापीकडे बघा.

पाऱ्याचा तापमापी संपूर्ण बुडवून वापरायचा, असे धरून त्याच्यावर खुणा केलेल्या असतात. थीले नलिकेत तळचा थोडा भाग बुडतो, उरलेला पारा खोलीच्या हवेत असतो आणि तो पुरेसा प्रसरण पावत नाही. म्हणून वाचन कमी येते. दुरुस्तीचे सूत्र सोपे आहे: ०.०००१६ गुणिले उघड्या पाऱ्याची अंशांतील लांबी, गुणिले वाचलेले तापमान आणि उघड्या पाऱ्याचे सरासरी तापमान यांतील फरक. समजा तेलाची पातळी ६० च्या खुणेला आहे आणि वाचन २१०. उघडी लांबी १५० अंश. बाहेरच्या पाऱ्याजवळ धरलेला दुसरा तापमापी ४५ दाखवतो, तर फरक १६५. गुणाकार ३.९६ येतो. म्हणजे खरे तापमान २१४ च्या जवळ होते. सहा अंशांच्या तफावतीतले चार अंश तापमापीने खाल्ले, संयुगाने नाही.

उरलेल्या दोन अंशांचा दोषही लगेच संयुगाच्या माथी मारू नका. ज्यांचे द्रवणांक पक्के ठाऊक आहेत असे शुद्ध पदार्थ त्याच उपकरणात वितळवून पाहा: बेंझॉइक आम्ल १२२.४, सॅलिसिलिक आम्ल १५९, अँथ्रासीन २१६. अँथ्रासीन आपल्या क्रोमिअम संयुगाच्या अगदी शेजारचे असल्यामुळे इथे फार उपयोगी आहे. अँथ्रासीन तुमच्या तापमापीवर २११ दाखवत असेल, तर क्रोमिअम संयुगाचे २१० हे वाईट नाही. विद्युत उपकरणाचा आकडेदार पडदा पाहून हा तपास टाळण्याचा मोह होतो. पडद्यावर दशांश चिन्हापुढे आकडा दिसतो म्हणून तो अचूक ठरत नाही.

अशुद्धतेने आकडा का घसरतो?

वितळण्याच्या तापमानाला स्थायू आणि द्रव समतोलात असतात. अशुद्धता द्रवात विरघळते, स्थायूच्या जालकात बहुधा शिरत नाही. त्यामुळे द्रवाची एन्ट्रॉपी वाढते, द्रव अधिक स्थिर होतो आणि समतोलाचे तापमान खाली येते. ही घसरण किती, हे अंदाजे काढता येते: वायुस्थिरांक गुणिले केल्व्हिनमधील द्रवणांकाचा वर्ग, भागिले वितळण्याची मोलर उष्णता, गुणिले अशुद्धतेचा मोल-अपूर्णांक. पोटॅशिअम नायट्रेट ३३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे ६०७ केल्व्हिनला वितळते आणि वितळण्याची उष्णता मोलला सुमारे १० किलोज्यूल आहे. हिशेब केला तर शंभरात एक मोल अशुद्धतेने जवळपास ३ अंशांची घसरण येते. साध्या तापमापीने सहज दिसेल एवढी ती आहे.

शिवाय पल्ला रुंदावतो. पहिला द्रव तयार होताना सगळी अशुद्धता त्या थोड्याशा द्रवात एकवटलेली असते, म्हणून सुरुवात फार खाली होते. वितळणे पुढे सरकते तसा द्रव विरळ होत जातो आणि शेवट खऱ्या द्रवणांकाच्या जवळ पोहोचतो. रुंद पल्ला हे अशुद्धतेचे लक्षण अशामुळे आहे. मात्र अशुद्धता विरघळणारी हवी. तुमच्या क्रोमिअम संयुगात हायड्रॉक्साइडचे किंवा गाळणकागदाचे कण राहिले असतील तर ते द्रवात विरघळत नाहीत आणि द्रवणांक जवळपास बिनचूक येतो. नलिकेच्या तळाशी न वितळलेले कण दिसले तर त्यांचीही नोंद करा. आकडा जुळला म्हणून त्यांच्याकडे डोळेझाक करू नका.

मिश्र द्रवणांकाचा सापळा

सेंद्रिय प्रात्यक्षिकात तुम्ही शिकलात की दोन पदार्थ एकच आहेत का, हे त्यांचे मिश्रण वितळवून कळते. वेगळे असतील तर आकडा खाली येतो. हा नियम ॲसिटिलॲसिटोनेटना डोळे मिटून लावू नका. ॲल्युमिनिअम आणि क्रोमिअम यांची संयुगे समरूपी आहेत. त्यांचे रेणू एकमेकांच्या स्फटिकात जागा घेतात आणि स्थायू द्रावण तयार होते. वर धरलेली अट, की अशुद्धता जालकात शिरत नाही, ती इथे मोडते. त्यामुळे आकडा ठळकपणे कोसळेलच याची हमी नाही. माणिकाच्या खड्यात ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये क्रोमिअम बेमालूम मिसळून जातो, तशीच ही सोयरीक आहे. लोहाच्या संयुगाची स्फटिकरचना या दोघांपेक्षा वेगळी आहे. धातू कोणता हे ठरवायचे असेल तर द्रवणांकावर थांबू नये, दृश्य वर्णपट किंवा चुंबकीय ग्राह्यता मोजावी. ॲल्युमिनिअमचे संयुग प्रतिचुंबकीय, क्रोमिअमच्यात तीन अयुग्मित इलेक्ट्रॉन, लोहाच्यात पाच. इथे संशयाला जागा उरत नाही.

स्फटिकजलाचा भास

सोडिअम थायोसल्फेटचे पाच पाण्याचे रेणू असलेले स्फटिक ४८ अंशांना, सोडिअम ॲसिटेटचे तीन रेणूंचे ५८ ला, तुरटी ९२ ला ‘वितळते’. हे क्षाराचे वितळणे नव्हे. जालकातून सुटलेल्या पाण्यात क्षार विरघळतो. निर्जल सोडिअम ॲसिटेट ३२० अंशांच्या पुढे वितळते, यावरून फरक किती मोठा आहे ते समजेल. मोरचूद तर वितळतच नाही, टप्प्याटप्प्याने पाणी सोडत पांढरे पडते. तरीही ही तापमाने निरुपयोगी नाहीत. सोडिअम सल्फेटच्या दहा रेणूंच्या जलयुक्त स्फटिकाचे ३२.४ अंशांजवळचे संक्रमण इतके काटेकोर आहे की अमेरिकेतील रिचर्ड्स यांनी ते तापमापी तपासण्यासाठी स्थिर बिंदू म्हणून सुचवले होते.

केशनलिकेच्या पलीकडे

जिथे डोळा पुरत नाही किंवा तापमान फार वर आहे तिथे डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री वापरतात. नमुना आणि रिकामी कुपी एकाच वेगाने तापवून दोघांना लागणाऱ्या उष्णतेतील फरक मोजतात. उपकरण इंडिअमच्या १५६.६ आणि जस्ताच्या ४१९.५ अंशांवर तपासून घेतात. पोटॅशिअम नायट्रेटच्या आलेखात तुम्हाला दोन शिखरे दिसतील. १३० च्या आसपासचे पहिले शिखर स्फटिकाच्या मांडणीतील बदलाचे, ३३४ चे वितळण्याचे. केशनलिकेत पहिली घटना दिसलीच नसती. सोबत वजनातील घट मोजणारा आलेख घेतला की प्रश्न सुटतो: उष्णता शोषली पण वजन तेच राहिले तर वितळणे किंवा रूपबदल, वजन घटले तर पाणी जाणे, संप्लवन किंवा अपघटन.

जर्नलमध्ये काय लिहावे

एक नमुना देतो. ‘क्रोमिअम ॲसिटिलॲसिटोनेट, टोल्युइन आणि पेट्रोलिअम ईथरमधून एकदा पुनःस्फटिकीकरण, डेसिकेटरमध्ये स्थिर वजनापर्यंत वाळवले. दोन्ही टोके बंद केलेली नलिका, सिलिकॉन तेल, मिनिटाला १.५ अंश. २०८ ला आकसणे, २०९.५ ते २११ ला वितळणे, रंग कायम, बुडबुडे नाहीत. उघड्या पाऱ्याची दुरुस्ती अधिक ४. दुरुस्त पल्ला २१३.५ ते २१५. त्याच तापमापीवर अँथ्रासीन, दुरुस्तीनंतर, २१५.’ एवढे वाचल्यावर परीक्षक किंवा पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तुमचा प्रयोग तपासू शकतो, पुन्हा करू शकतो. नुसते ‘द्रवणांक २१६’ लिहिले असेल तर तो आकडा नलिकेतून आला की पुस्तकातून, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सरावासाठी: तेलाची पातळी ५० च्या खुणेला, वाचन १८६, उघड्या पाऱ्याचे तापमान ४०. पांढऱ्या ॲल्युमिनिअम संयुगाचा दुरुस्त द्रवणांक काढा. तो नमुना आणखी एकदा पुनःस्फटिकीकरण करण्याची गरज आहे का, हे ठरवण्यासाठी तुम्हाला कोणती आणखी एक नोंद लागेल?